कानाच्या पाळीपासून केसांपर्यंत : सोलापुरातल्या कॉस्मेटिक सर्जरीची मुळं

फाटलेली कानाची पाळी जोडायला अर्धा-पाऊण तास पुरतो. भूल तेवढ्याच जागेची, टाके चार-सहा, आणि बाई त्याच दुपारच्या एसटीने अक्कलकोटला नाहीतर बार्शीला परत. वर्षानुवर्षं जड झुमके घालून भोक खाली सरकत जातं आणि एक दिवस पाळीचे दोन तुकडे होतात. कधी कडेवरचं लेकरू ओढतं, कधी दागिना हिसकावणारा चोर. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी वाचली की आपल्याला नट्यांची नाकं आठवतात, पण सोलापुरात त्या पाटीआड असली कामंही येत असतात.

पाळीचे ते दोन तुकडे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून लोंबत असतात, तरी आपोआप जुळत का नाहीत? कारण दोन्ही कडांवर पूर्ण वाढलेली त्वचा आलेली असते, आणि त्वचा त्वचेला जुळत नाही. जखम जुळते ती ओल्या जखमेला. म्हणून सर्जन आधी दोन्ही कडांची बारीक पट्टी कापून टाकतो, रक्त दिसू लागलं की मग शिवतो. जोडण्यासाठी आधी कापायचं, हा या शास्त्राचा पहिला नियम. दुसरा नियम रक्ताचा. हलवलेल्या कातडीला रक्त मिळालं नाही तर ती काळी पडून मरते.

हे दोन्ही नियम हाताला पक्के ठाऊक असलेला एक माणूस अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्याजवळ राहत होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. विटा बनवणाऱ्यांच्या जातीतला, एवढीच नोंद आहे. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान १७९२च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर त्याला या माणसाने नवं नाक बसवून दिलं. कृती लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली, आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. नाकाच्या जागी मेणाचा पातळ साचा बसवून बघायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या रेघेवरून कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. नाकाच्या जुन्या जखमेच्या कडा तासून ओल्या करायच्या. मग कपाळाची कातडी पिळून खाली वळवायची आणि तिथे बसवायची. वरून कापडाच्या पट्ट्यांना कात लावून चिकटवायचं (आपल्या विड्यातला कात), चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं कापड लावायचं, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची.

सगळं मर्म त्या पट्टीत आहे. तिच्यातून कपाळाची बारीक धमनी जाते आणि नव्या जागेतून रक्तवाहिन्या वाढून येईपर्यंत कातडीला तीच पोसते. अशा जोडलेल्या राहिलेल्या कातडीला आज फ्लॅप म्हणतात. मांडीवरून पातळ कातडी सोलून भाजलेल्या जागी लावतात त्याला ग्राफ्ट. ग्राफ्टला स्वतःचं रक्त नसतं. पहिले एक-दोन दिवस ते खालून पाझरणारा द्रव शोषून तग धरतं, आणि चार-सहा दिवसांत रक्तवाहिन्या जुळल्या तरच जगतं. फ्लॅप म्हणजे मातीच्या गड्ड्यासकट उचललेलं रोप, ग्राफ्ट म्हणजे माती झटकून लावलेलं. आजचा सर्जनही कपाळाच्या फ्लॅपची पट्टी साधारण तीन आठवड्यांनीच कापतो. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितली आहे. कपाळाची युक्ती नंतर कधीतरी आली असावी.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये ही पद्धत वापरली, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपभर तिचं नाव झालं. पुढचा मोठा टप्पा पहिल्या महायुद्धाचा. खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे उडत होते, आणि हॅरॉल्ड गिलीज इंग्लंडमध्ये सिडकपला ते चेहरे पुन्हा उभे करत होता. युद्धानंतर हेच प्लास्टिक सर्जन सुरकुत्या आणि वाकडी नाकं यांच्याकडे, म्हणजे कॉस्मेटिक कामाकडे वळले.

गिलीजकडे शिकलेले डॉ. नोशीर अंटिया भारतात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याला कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग वाढवला. तिकडे नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग सुरू केला. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची कातडी बरीचशी शाबूत असते. आतलं अस्तर आणि कूर्चा झिजल्यामुळे नाक बसतं, म्हणून आतून नवं अस्तर दिलं की ते पुन्हा उभं राहतं. भुवया झडतात, तर डोक्याची केसाळ कातडी आणून त्या बसवायच्या. ही कामं सौंदर्याची म्हणायची की उपचाराची? बरा झालेला रुग्ण चेहऱ्यावरून ओळखू आला की गाव त्याला आत घेत नव्हतं. मला तरी इथे सीमारेषा काढता येत नाही.

सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झालं. सिव्हिलमध्ये सोलापूर जिल्ह्याबरोबरच धाराशिवचे आणि विजापूर-कलबुर्गीकडचेही रुग्ण येतात, त्यामुळे इथल्या डॉक्टरला मराठीबरोबर कानडी-तेलुगूही थोडी यावी लागते. अशा शहरात प्लास्टिक सर्जनच्या वाट्याला काय येतं? स्टोव्हच्या भडक्यात भाजून मानेला चिकटलेली हनुवटी, यंत्रमागात किंवा उसाच्या चरकात सापडलेली बोटं, महामार्गावरच्या अपघातातले चेहरे, दुभंगलेले ओठ. हौसेच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई गाठायची पद्धत होती. पाहुण्यांना पत्ता लागत नाही, हाही एक फायदा.

मग हे काम जिल्ह्याच्या गावांत कसं आलं? लोक मोबाईलकडे बोट दाखवतात. माझ्या मते मोठा वाटा पातळ केलेल्या भुलीचा आहे. नळीने चरबी ओढायची लायपोसक्शनची पद्धत १९७०च्या दशकात इटली आणि फ्रान्समध्ये आली, तेव्हा पूर्ण भूल लागायची आणि चरबीबरोबर रक्तही बरंच जायचं. कॅलिफोर्नियातल्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने १९८७ मध्ये सोपा उपाय मांडला. लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रिनॅलिन सलाईनमध्ये खूप पातळ करायचं आणि त्वचेखाली ती जागा टम्म फुगेपर्यंत भरायचं. अ‍ॅड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव अगदी थोडा होतो, आणि औषध सावकाश शोषलं जातं. एरवी अ‍ॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम मानतात. या पद्धतीत ३५पर्यंत चालतं, असं क्लाइनने दाखवलं. लहान पण नीट सुसज्ज ऑपरेशन थिएटरमध्ये, मुक्काम न करता काम होऊ लागलं.

पण सावकाश शोषणाची दुसरी बाजूही आहे. औषधाचं रक्तातलं प्रमाण दहा-बारा तासांनी सर्वाधिक होतं, म्हणजे रुग्ण घरी झोपलेला असताना. अशा वेळी फोन उचलणारा डॉक्टर आहे का, हे दरपत्रकाआधी विचारावं. आणखी एक, लायपोसक्शनने त्वचेखालची चरबी निघते. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीने आलेली टणक ढेरी त्याने जात नाही.

केसरोपणालाही तीच स्थानिक भूल पुरते, म्हणून त्याच्या पाट्या सर्वांत वेगाने वाढल्या. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइकने १९५९ मध्ये दाखवलं की केसाचं मूळ आपला स्वभाव सोबत नेतं. टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला डोक्याच्या मागच्या भागातली मुळं फारशी दाद देत नाहीत, आणि कपाळावर लावली तरी देत नाहीत. मात्र मागचा साठा मर्यादित असतो. विशीत सगळा पुढे लावून टाकला आणि टक्कल मागे सरकत राहिलं, तर चाळिशीत हाती काही उरत नाही. हे काम व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांचाही सुळसुळाट झाला, इतका की २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला ते कुणी करावं याच्या सूचना काढाव्या लागल्या. प्लास्टिक सर्जनने एम.एस.नंतर एम.सीएच. किंवा त्या तोडीचं तीन वर्षांचं शिक्षण घेतलेलं असतं. त्वचारोगतज्ज्ञही प्रशिक्षण घेऊन केसरोपण करतात.

नवरदेवांसाठी थोडा हिशोब. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, मूळ तेवढं आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे कोंब येतात, आणि खरं रूप दिसायला नऊ महिने ते वर्ष जातं. मेमधला मुहूर्त धरून मार्चमध्ये केस लावले, तर अक्षता पडताना डोक्यावर आधीपेक्षाही कमी केस असू शकतात. लग्न मेमध्ये असेल तर केस आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावावेत, नाहीतर फेटा आहेच.