असई, अडगाव, गाविलगड: रणभूमीच्या सहलींमागचा इतिहास

गडावर सहल नेणे त्यामानाने सोपे. दरवाजा असतो, बुरूज असतो, पाण्याचे टाके असते आणि माणसे आपापले फोटो काढून समाधानाने खाली उतरतात. रणभूमीवर दाखवायला बहुतेक वेळा काहीच नसते. कपाशीचे शेत, बाभळीचे बांध, एखादी आटलेली नदी. मग सगळा भार सांगणाऱ्यावर येतो आणि सांगणारा ज्या कागदांवर वाढला त्या कागदांची वाट सहल धरते. मराठे-इंग्रज युद्धांच्या बाबतीत ते कागद बव्हंशी इंग्रजांचे आहेत. लढाईनंतरचे खलिते, अधिकाऱ्यांची घरी पाठवलेली पत्रे, अभियंत्यांनी काढलेले नकाशे. त्यामुळे आजही सहलीची गाडी इंग्रज फौज जिथून आली तिथूनच येते, ती थांबली तिथे थांबते आणि तिने ज्या बाजूने पाहिले त्याच बाजूने पाहते. मराठी माणसांनी मराठी माणसांसाठी आखलेल्या सहलीतही हेच होते.

याला मोठा अपवाद वडगावचा. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून निघालेली इंग्रज फौज घाट चढून कार्ल्यापर्यंत आली, तिथे कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, गोळा लागून पडला. पुढे तळेगाव जाळून ओसाड केलेले सापडले, फौजेने रातोरात तोफा तळ्यात लोटून माघार घेतली आणि वडगावात ती कोंडली गेली. ही कथा आपल्याकडे आपल्या बाजूने सांगितली जाते, कारण जिंकलो आपण. रस्ता जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागून असल्याने एका दिवसात उरकतेही. पुढच्या लढायांचे तसे नाही.

1803 मध्ये, दुसऱ्या मराठे-इंग्रज युद्धात, इंग्रजांची दख्खनची मोहीम ऑगस्टमधल्या अहमदनगरच्या किल्ल्यापासून सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये गाविलगडावर संपली. मध्ये 23 सप्टेंबरला असई, 29 नोव्हेंबरला अडगाव. उत्तरेत त्याच सुमारास दिल्ली आणि लासवारी झाल्या, पण दख्खनच्या सहलीत त्यांना जागा नाही. असई आज जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात जमिनीची निमुळती जीभ आहे, तिच्यावर ही लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज: हजारोंचे घोडदळ, युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेले कंपू, म्हणजे पायदळाच्या तुकड्या, आणि शंभराच्या आसपास तोफा. कंपूंचा प्रमुख हॅनोव्हरचा पोलमन. दुसऱ्या बाजूला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. त्याची प्रत्यक्ष लढलेली फौज साडेचार हजारांच्या घरात. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे स्वार त्याच्याबरोबर होते ते वेगळे.

इथे एक निर्णय आहे, ज्यावर त्या काळापासून वाद चालू आहे. सहलीत मात्र तो दोन वाक्यांत उरकला जातो. लढाईच्या दोन दिवस आधी बदनापूरला वेलस्ली आणि त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन भेटले. ठरले असे की दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी जायचे आणि 24 तारखेला मिळून हल्ला करायचा. एका खिंडीतून दोन्ही फौजा एका दिवसात निघणार नाहीत आणि एक वाट मोकळी सोडली तर मराठे दक्षिणेला निसटतील, हे त्यामागचे कारण. 23 तारखेला वेलस्ली तळावर पोचतो तो कळते की मराठ्यांची छावणी अपेक्षेपेक्षा बरीच जवळ आहे. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. त्याच दुपारी तो चालून गेला.

त्याच्याच बाजूच्या एका अनुभवी अधिकाऱ्याने यावर टीका केली: फौज दुभागली कशाला आणि दुभागली तर थांबला का नाही? वेलस्लीच्या उत्तरात हरकाऱ्यांवर, म्हणजे बातम्या काढणाऱ्या जासुदांवर, ठपका आहे. हरकाऱ्यांनी बातमी आणली ती 'भोकरदन' अशी. भोकरदन हे गावाचे नाव, तसेच भोवतालच्या सगळ्या मुलखाचेही. इंग्रजांनी गाव धरले, छावणी मात्र तिथून असईपर्यंत पसरलेली होती. आजही भोकरदन तालुक्यातला माणूस बाहेरगावी गेला की आपले गाव भोकरदनच सांगतो. हरकारे खोटे बोलले नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला मुलूख कळला नव्हता, एवढेच.

दुसरी गोष्ट नदीच्या उताराची, म्हणजे नदी ओलांडता येईल अशा उथळ जागेची, आणि ती प्रत्येक सहलीत रंगवून सांगतात. समोर नदी, काठ उभे, पलीकडे तोफा. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर नदीच्या अल्याड-पल्याड दोन गावे समोरासमोर, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी एकमेकांसमोर असतील तर ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. उतारवयात तो ही गोष्ट स्वतः सांगत असे. सेनापतीची अक्कल सिद्ध करायला याहून सुटसुटीत किस्सा मिळणार नाही. पण जरा वाटाड्यांच्या जागी उभे राहून पाहावे. त्या मुलखात जन्म काढलेल्या, तिथूनच बैलगाड्या हाकणाऱ्या माणसांना उतार माहीत नसेल, हे मला तरी पटत नाही. त्यांना तो सांगायचा नसेल, हे सहज पटते. सहलीत ही शक्यता कुणी उच्चारत नाही, कारण खलित्यात ती नाही.

खरा प्रश्न पलीकडच्या काठाचा आहे. इंग्रज नदी उतरत असताना मराठ्यांच्या तोफा चालू झाल्या होत्या, पण हजारो स्वार हलले नाहीत. उतारावर पहारा नव्हता. दोन्ही सरदार प्रत्यक्ष लढाईची सूत्रे हातात धरून नव्हते. इंग्रज आपल्या बगलेवर येताहेत हे पाहून पोलमनने मात्र कंपूंची अख्खी रांग काटकोनात वळवली, आणि तीही मोडू न देता. अशी कवायत ज्या फौजेला जमली तिला 'विस्कळीत जमाव' म्हणण्याची पद्धत अजून गेलेली नाही. इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या तोंडावर गेली आणि तिच्या मागोमाग 74वी पलटण गेली. गावातल्या आणि गावाशेजारच्या तोफांनी त्यांची चाळण केली. मराठ्यांच्या गोलंदाजांपैकी, म्हणजे तोफा डागणाऱ्यांपैकी, कित्येक तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज रांग पुढे सरकल्यावर उठून पाठीमागून मारा करू लागले. शेवटी 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, पण त्यांचे 428 ठार, 1,138 जखमी आणि 18 बेपत्ता होते. लढलेल्या फौजेचा तिसरा हिस्सा. मराठ्यांच्या बाजूचे जे आकडे सांगितले जातात ते जिंकणाऱ्यांनी मैदानावर केलेले अंदाज आहेत.

म्हणून माझे मत असे की असईची सहल पिंपळगावच्या काठावरून सुरू करू नये. ती असई गावातून सुरू करावी, गोलंदाजांच्या रांगेवरून चालत दक्षिणेला यावे आणि उतार सर्वांत शेवटी पाहावा. वेळेचा हिशेबही जुळतो. उन्हाच्या आधी उघडे रान चालून होते आणि नदीकाठी सावलीला बसून वाद घालता येतो.

नंतरच्या दोनशे वर्षांत या जागेची आठवण जपली ती पलटणींनी. 74व्या आणि 78व्या पलटणींना आणि 19व्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळाला असईसाठी हत्तीचे चिन्ह मिळाले. कंपनीच्या मद्रासी पलटणींनाही तो सन्मान मिळाला. स्वातंत्र्यानंतर, भारतीय सत्तांविरुद्ध लढून मिळवलेले असे युद्धसन्मान भारतीय लष्कराने त्याज्य ठरवले. तरी मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात हत्ती राहिला आहे. परदेशातून येणारे जे थोडे गट असईला येतात त्यांतले कितीतरी पलटणीच्या इतिहासाचा धागा धरूनच येतात. मार्गदर्शकाने हे आधी विचारून घ्यावे, कारण अशा माणसाला आपल्या पलटणीची जागा पाहायची असते, तर शेजारच्या आसनावरच्या मराठी माणसाला शिंद्यांच्या तोफा कुठे होत्या ते हवे असते. दोघांना एकच भाषण देऊन भागत नाही.

1817-18 च्या, म्हणजे तिसऱ्या मराठे-इंग्रज युद्धाच्या, रणभूमींची अडचण वेगळी. खडकीची लढाई 5 नोव्हेंबर 1817 ला गणेशखिंडीच्या परिसरात झाली आणि आता तिथे विद्यापीठ, रस्ते आणि वाहतुकीचा खोळंबा आहे. पर्वतीवरून अंदाज घ्यावा, बाकी सारे नकाशावर. कोरेगाव भीमाचा स्तंभ ही तर निव्वळ सैनिकी इतिहासाची जागा उरलेलीच नाही. 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि आज 1 जानेवारीला अभिवादनासाठी लाखो लोक येतात. ज्यांना लढाईचा तपशील पाहायचा आहे त्यांनी दुसरा दिवस निवडावा. आष्टीला, जिथे फेब्रुवारी 1818 मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, जाणारे फार थोडे.

1803 ची मोहीम मात्र सलग पाहता येते, आणि तारखांच्या क्रमानेच पाहावी. असईनंतर अजिंठ्याकडे वळण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो एका मुक्कामापुरता ठीक. अडगाव अकोला जिल्ह्यात. तिथे लढाई दिवस कलल्यावर सुरू झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. मोकळ्या सपाट शेतांपलीकडे पाहायला फारसे नाही, तासाभरात होते. गाविलगडाला पूर्ण दिवस हवा. 15 डिसेंबर 1803 ला किल्ला पडला तो उत्तरेकडून, त्या बाजूला जड तोफा डोंगरातून ओढत नेण्यात स्टीव्हन्सनच्या माणसांचे कित्येक दिवस गेले होते. खिंडार पाडले ती तटबंदी पाहायची तर त्याच बाजूला जावे लागते. किल्ला मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात असल्याने वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात.

आता ऋतूचा पेच. उताराचे प्रकरण समजायचे तर सप्टेंबरअखेर जावे, नदीत पाणी असते आणि काठाची चढण अंगावर येते. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उभे राहून 'उतार कुठे होता' हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. पण सप्टेंबरात रानात कपाशी, सोयाबीन, मका उभा असतो, आणि तोफांची रांग जिथे होती तिथून कुणाच्या पिकातून चालत जाता येत नाही. गट मोठा असेल तर जानेवारीत जावे, शेतमालकांशी आधी बोलून ठेवावे आणि नदीचे पावसाळ्यातले फोटो बरोबर न्यावेत. चार-सहा जणच असतील तर सप्टेंबर, बांधावरून, एकामागे एक.