पुशबॅक आणि सिंक्रो: खरा फरक बैठकीच्या खाली आहे

"मागे झुकते ना, मग एर्गोनॉमिकच आहे." छत्रपती संभाजीनगरच्या निराला बाजारात जा, लातूरला जा, नाहीतर मोबाइलवरची जाहिरात वाचा, खुर्चीबद्दल हेच कानावर पडतं. एर्गोनॉमिक म्हणजे अंगाच्या ठेवणीला जुळवून केलेली. कंबर दुखायली म्हणून माणूस नवी खुर्ची बघायला निघतो, चांगले पैसे मोजतो आणि जुन्याच पद्धतीची खुर्ची जरा जाड गादीसकट घरी आणतो. दोन महिन्यांनी कंबर आहे तिथेच. मग "एर्गोनॉमिक वगैरे सगळं थोतांड आहे" असं चार लोकांना सांगतो. त्यात ना त्याची चूक, ना एर्गोनॉमिक खुर्चीची. त्याला कुणी फरकच सांगितलेला नसतो.

बॉस चेअर सगळ्यांना माहीत आहे. सीएच्या ऑफिसात, संस्थाचालकांच्या टेबलामागे, कापूस आणि भुसाराच्या पेढीवर ती असतेच: उंच पाठ, काळं रेक्झिन, गुबगुबीत गादी, खाली पाच चाकं. समोर आलेल्या माणसाशी बोलायला, सह्या करायला, फोन घ्यायला ती ठीक आहे. दिवसभर कीबोर्डवर हात ठेवून बसायचं तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. यापेक्षा जास्त तिच्यावर लिहिण्यासारखं नाही.

मग एर्गोनॉमिक कशी ओळखायची? विचारलं की बहुतेक जण जाळीकडे बोट दाखवतात. काही डोक्याच्या उशीकडे. काही म्हणतात, दांडी ओढली की चार जागी लॉक होते ती. या तिन्ही गोष्टी कुठल्याही खुर्चीला लावता येतात आणि लावल्याही जातात. बॉस चेअरचाच सांगाडा, त्यावर रेक्झिनऐवजी जाळी ताणलेली, वर उशी डकवलेली आणि नाव 'एर्गो', अशा खुर्च्यांनी दुकानं भरली आहेत. खरा फरक बैठकीच्या खाली, लोखंडी यंत्रणेत असतो, आणि तिथे वाकून कुणी बघत नाही. बॉस चेअरमध्ये ही यंत्रणा बहुधा पुशबॅक पद्धतीची असते, खऱ्या एर्गोनॉमिक खुर्चीत सिंक्रो.

साध्या पुशबॅक खुर्चीत बैठक आणि पाठ एकमेकांना पक्की जोडलेली असतात. तुम्ही मागे रेललात की दोन्ही मिळून, झुलत्या आरामखुर्चीसारखी, अख्खी खुर्ची मागे कलते. पाठ १५ अंश मागे गेली तर बैठकही १५ अंश कलली. म्हणजे मांडी आणि धड यांच्यातला कोन सरळ बसताना जेवढा होता तेवढाच राहिला. वर आणखी एक त्रास. बैठक पुढून मागे १८ इंच खोल असेल आणि ती ज्या खिळ्यावर कलते तो मध्यावर असेल, तर १५ अंशाला पुढची कड जवळजवळ सव्वादोन इंच वर उचलली जाते. ती कड मांडीच्या खालच्या बाजूला, गुडघ्यामागे रुतते. टाचा फरशीवरून सुटतात. पाय अधांतरी झाले की माणूस नकळत पोट आवळून स्वतःला सावरत बसतो, नाहीतर घसरत घसरत बैठकीच्या टोकाशी येतो. शेवटी मागे रेलणं सोडून तो पुन्हा मॉनिटरकडे वाकतो. पुशबॅक खुर्चीत दिवसभर कुणीही मागे रेललेला दिसत नाही, त्याचं कारण हे आहे.

सिंक्रोमध्ये बैठक आणि पाठ वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. पाठ साधारण दोन अंश मागे गेली की बैठक एक अंश कलते. पाठ १५ अंश कलली तर बैठक सात-साडेसात अंश. शिवाय चांगल्या सिंक्रोत खिळा बैठकीच्या पुढच्या भागाजवळ असतो, त्यामुळे पुढची कड अर्धा-पाऊण इंचापेक्षा फारशी वर येत नाही. टाचा जमिनीवर टेकलेल्या राहतात आणि मांडी-धडातला कोन उघडतो.

हा कोन उघडणं एवढं महत्त्वाचं का? जे. जे. कीगन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ साली वेगवेगळ्या स्थितींतल्या माणसांचे एक्स-रे काढून दाखवलं होतं की मांड्या धडाकडे जितक्या दुमडाल तितका कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होत जातो. मांड्या आणि धड यांतला कोन काटकोनापेक्षा मोठा असला की तो बाक टिकतो. पुढे १९७०च्या दशकात स्वीडनमध्ये गुन्नार अँडरसन आणि अल्फ नाखेमसन यांनी मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. पाठीचा टेका मागे कलला आणि कमरेला आधार मिळाला की दाब उतरतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे रेलण्याचा फायदा खराच आहे. पण कमरेचा बाक टिकायचा तर कोन उघडायला हवा, आणि पुशबॅकमध्ये तो जागचा हलत नाही. दोन्ही खुर्च्या "मागे झुकतात". कंबरेला त्यातून मिळतं ते अगदी वेगळं.

तिसरा प्रकार म्हणजे मोटारीच्या सीटसारखी दिसणारी, लाल-काळी गेमिंग खुर्ची. तिच्यात पाठ मागे पाडली तरी बैठक जागची हलत नाही. शर्ट वर ओढला जातो, कमरेची उशी बरगडीपाशी येते. दुपारी डुलकी काढायला बरी. लातूरच्या अभ्यासिकांमध्ये नीट परीक्षेच्या तयारीसाठी दहा-दहा तास बसणाऱ्या मुलांना पालक हौसेने ही खुर्ची घेऊन देतात, ते बघवत नाही.

आता दुकानात ओळखायचं कसं ते सांगतो. तीन खुणा आहेत, त्यातली पहिली तर उभ्या उभ्या दिसते. हात टेकायचे दांडे बघा. दांड्याचं एक टोक बैठकीला आणि दुसरं पाठीला बोल्टने कसलेलं असेल, म्हणजे दांडा दोन्हींना धरून ठेवत असेल, तर पाठ बैठकीपासून वेगळी हलूच शकत नाही. ती पुशबॅकच. पुढे चौकशी करायची गरज नाही.

दांडे फक्त बैठकीला जोडलेले असतील तर खुर्ची उलटी करायला सांगा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. पुशबॅकमध्ये बैठकीच्या मध्यावर एक चपटी लोखंडी पाटी, तिच्यातून निघालेली एक दांडी आणि पुढे एक मोठी गोल मूठ दिसते; पाठ एका जाड, काटकोनात वाकवलेल्या पट्टीने थेट बैठकीच्या फळीला कसलेली असते. सिंक्रोच्या यंत्रणेची पेटी आकाराने मोठी असते आणि पाठीची पट्टी फळीऐवजी त्या पेटीत जाऊन तिथल्या खिळ्यावर फिरते.

तिसरी खूण म्हणजे बसून बघणं. चपला काढा, टाचा फरशीवर टेकवा, लॉक सोडा, मागे रेला. सोबत कुणी असेल तर त्याला बाजूने बघायला सांगा. टाचा उचलल्या गेल्या तर पुशबॅक, टेकलेल्या राहिल्या आणि बैठक पाठीपेक्षा कमी कलली तर सिंक्रो. माझी मावसबहीण परभणीला घरून टॅलीचं काम करते. तिच्यासोबत खुर्ची बघायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, बसून तर बघा, लई मऊ हाय. पुशबॅक बी हाय." ती बसली, रेलली आणि तिची पावलं फरशीपासून चांगली चार बोटं वर. दुकानदाराचं लक्ष गादीवर आणि माझं तिच्या टाचांवर. "मामा, पाय टेकंना गेलेत," ती दुकानदाराला म्हणाली. दुकानदाराने लगेच दांडी ओढून खुर्ची खाली केली. आता सरळ बसल्यावर पाय टेकत होते, रेललं की पुन्हा वर. तो माणूस फसवत नव्हता. त्याला वरून जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता.

एवढं जमलं की मग अंगाचं माप. सिंक्रो यंत्रणा उत्तम असली आणि खुर्ची मापात बसली नाही, तरी पैसे पाण्यात. हर्मन मिलर कंपनीने १९९४ साली बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी आखलेली एरॉन खुर्ची आणली, तेव्हा ती ए, बी, सी अशा तीन मापांत काढली होती. आपल्याकडे मात्र पाच फुटी बाई आणि सहा फुटी गडी दोघांनाही एकच खुर्ची दाखवतात.

दोन मापं घरूनच घेऊन निघा. भिंतीला कंबर टेकवून स्टुलावर बसा. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत एक माप, भिंतीपासून त्या खळगीपर्यंत दुसरं. पहिलं साधारण उंचीच्या पाव हिस्सा येतं. पाच फुटी माणसाला १५ इंच. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या सगळ्यात खाली आणल्या तरी १७-१८ इंचांवर थांबतात. दुसऱ्या मापातून दोन-तीन बोटं वजा केली की तुमच्यासाठी बैठक पुढून मागे किती खोल असावी ते निघतं. बैठक त्यापेक्षा खोल असली तर पाठ टेकत नाही, आणि पाठ टेकत नसेल तर मागचा कमरेचा आधार कितीही महागडा असो, त्याचा उपयोग शून्य. उंचीने कमी असलेल्यांनी बैठक पुढे-मागे सरकणारी खुर्चीच घ्यावी. डोक्याची उशी नसली तरी चालेल, पण ही सोय सोडू नका.

टेबलाचाही विचार करा. आपल्याकडची बहुतेक टेबलं ३० इंच उंच असतात. खुर्ची पायांच्या मापाने खाली घेतली तर कोपर टेबलाच्या खूप खाली राहतो, खांदे उचलून टाइप करावं लागतं आणि मान आखडते. अशा वेळी खुर्ची कोपराच्या मापाने वर घ्या आणि पायाखाली आधार द्या. त्यासाठी वेगळा फूटरेस्ट विकत घ्यायची गरज नाही. घरातला जेवणाचा लाकडी पाट, कमी पडला तर दोन पाट, काम भागवतात. मावसबहिणीच्या टेबलाखाली आता पाटच आहे.

कमरेचा आधार वर-खाली सरकणारा असावा आणि तो कमरेला बांधतो त्या पट्ट्याच्या जरा वर टेकावा, बस्स. जाळी की रेक्झिन? मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, चाळीसच्या वर पारा आणि त्यात लाइट गेलेली, रेक्झिनला चिकटलेली पाठ ज्याने सोसली आहे त्याला सांगायला नको. पाठीला जाळीच घ्या. बैठकीला मात्र मी कधीही जाळी सुचवणार नाही. स्वस्तातली जाळी वर्षा-दोन वर्षांत झोळ पडून खाली बसते आणि पुढची प्लास्टिकची चौकट मांडीला कापते. बैठकीला साच्यातला घट्ट फोम बरा. दुकानात पहिल्या पाच मिनिटांत जो मऊ लागतो तो मुळीच घेऊ नका. बसण्याची हाडं त्यातून थेट खालच्या फळीला जाऊन टेकतात. शहाबादी फरशी असेल तर कडक नायलॉनची चाकं सांध्यांवर खडखडतात, मऊ पीयूची (पॉलियुरेथेनची, रबरासारखी) बदलून घ्या.

'बिफ्मा सर्टिफाइड' या शिक्क्यावरही लोक भुलतात. बिफ्मा ही अमेरिकेतल्या ऑफिस फर्निचर उत्पादकांची संघटना आहे आणि खुर्च्यांसाठी तिचं जे एक्स ५.१ मानक आहे ते मजबुती आणि सुरक्षिततेचं आहे. खुर्ची मोडणार नाही, उलटणार नाही, एवढंच ते सांगतं. भरवशाची खूण आहे, जरूर बघा. पण तुमच्या गुडघ्यांशी आणि कमरेशी तिचं जुळेल की नाही, हे त्या शिक्क्यात नसतं.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी वर्णनातल्या 'टिल्ट' शब्दावर विसंबू नये. बाजूने काढलेला, पाठ मागे कललेला फोटो शोधा आणि त्यात बैठकही तेवढीच कलली आहे का ते बघा. असा फोटो नसेल तर विचारा. सरळ उत्तर मिळत नसेल तर ती खुर्ची सोडा.

आणि सिंक्रो घरी आली की पहिल्याच दिवशी बैठकीखालची ताणाची मूठ फिरवून तो ताण, म्हणजे पाठ मागे ढकलायला लागणारा जोर, आपल्या वजनाला जुळवून घ्या. कारखान्यातून खुर्ची बऱ्याचदा घट्ट येते. पन्नास किलोच्या माणसाने कितीही रेललं तरी पाठ हलत नाही आणि खुर्ची खराब निघाली असं त्याला वाटतं. ताण एवढा सैल करा की हात मांडीवर ठेवून नुसतं धड मागे टाकलं तरी पाठ सोबत यावी, आणि एवढा घट्ट ठेवा की पुढे यायला पायांनी जोर लावावा लागू नये. मूठ जड असते, दहा-बारा वेढे फिरवावी लागते. त्यामुळे बसल्या बसल्या झटू नका, खाली उतरून दोन्ही हातांनी फिरवा. मग लॉक सोडा आणि दिवसभर सोडलेलाच ठेवा.