पॅनेल (ग्रामपंचायत निवडणूक)

महाराष्ट्रातील ग्रामपंचायत निवडणुकीत सरपंचपदासह सगळ्या जागा एकजुटीने लढवण्यासाठी गावातल्या एखाद्या गटाने उभी केलेली उमेदवारांची फळी म्हणजे पॅनेल. कायद्याच्या लेखी फक्त उमेदवार असतो, पॅनेल नसते. गावाला मात्र आधी पॅनेल दिसते, मग उमेदवार. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. राज्य निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांतून कपबशी, छत्री, शिट्टी असे काहीतरी वाट्याला येते. पक्षाची ती मोकळी जागा पॅनेलने घेतली आहे. पॅनेलला बहुधा ग्रामदैवताचे नाव असते आणि त्यापुढे ‘ग्रामविकास’. सत्तेबाहेरच्या गटाला ‘परिवर्तन’ हा शब्द प्रिय.

ग्रामपंचायतीत 7 ते 17 सदस्य असतात आणि एकेका प्रभागातून दोन-तीन जण निवडून जातात. कोणती जागा कोणासाठी राखीव, हे सोडतीत ठरले की पॅनेलची खरी जुळवाजुळव सुरू होते. उमेदवाराकडे घरपट्टीची थकबाकी नको, तिसरे अपत्य आडवे यायला नको, राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा. त्यानंतर हिशोब भावकीचा. थोरल्या आळीतून एक, मळ्यातल्या वस्तीवरून एक, ज्या समाजाची घरे थोडी पण मते एकगठ्ठा पडतात तिथून एक. दोन चुलतभावांचे बांधावरून बोलणे बंद असेल तर एकाला तिकीट मिळताच दुसरा समोरच्या पॅनेलमध्ये जातो आणि भावकीची मते फुटतात. वरवर पाहणाऱ्याला हे नुसते जातीचे राजकारण वाटते. पण एकाच जातीतली दोन घरे परस्परांविरुद्ध लढत असल्याचे चित्र गावोगाव दिसते. पाणंद रस्ता कोणाच्या शेतावरून गेला, नळाला पाणी कोणत्या आळीला आधी येते, घरकुलाच्या यादीतून कोणाचे नाव गळले, यावर तिथली मते हलतात.

मतदार आत गेला की प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एक आणि सरपंचासाठी एक, अशी तीन-चार बटणे दाबतो. मतपत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या असतात. ‘आपली सगळी एका ओळीत दाबा’ असे पॅनेलवाले घरोघर सांगून आलेले असतात, तरी सदस्यपदाला भाच्याला आणि सरपंचपदाला समोरच्याला मत देणारे असतातच. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. तेव्हापासून सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी कोंडीही होते. 14 व्या वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीला मिळू लागल्यापासून या खुर्चीचे मोल वाढले आहे.

निकालाच्या संध्याकाळी सगळेच पक्ष आपापले सरपंच मोजतात आणि एकच सरपंच दोन पक्षांच्या यादीत सापडतो. यात नेहमीच लबाडी असते असे नाही. एका पॅनेलमध्ये दोन विरोधी पक्षांची माणसे खांद्याला खांदा लावून लढलेली असतात. त्यांना बांधणारा धागा विकास सोसायटी, दूध संघ किंवा साखर कारखान्यातून आलेला असतो. तोच मतदार लोकसभेला वेगळ्या विचाराने मत देतो. म्हणून पॅनेलच्या निकालावरून गावाचा पक्षीय कल काढणे चुकीचेच.

बिनविरोध निवडणुकीचे मोठे कौतुक होते. खर्च वाचतो, वैर टळते, हे खरे. पण देवळातल्या बैठकीत ज्याला बोलायची सोय नाही, त्याचा एकमेव हक्क त्या दिवशी गुंडाळला जातो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघड झाल्यावर 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या, ते योग्यच झाले. स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, तरी फलकावर उमेदवार बाईच्या शेजारी नवऱ्याचा फोटो येतोच. मात्र याच वाटेने ग्रामसभेत स्वतः उठून हिशोब मागणाऱ्या आणि देणाऱ्या बायकाही पुढे आल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे पॅनेलप्रमुखांना बायकांची मते गृहीत धरता येत नाहीत.

मतमोजणी तालुक्याला होते. गुलालाची पोती बाहेर तयार असतात आणि आतून येणारा फरक कधीकधी एका मताचा असतो. मग मुंबई-पुण्याहून गाडी करून आणलेला कोण, आणि आजारी म्हणून घरीच राहिलेला कोण, याची उजळणी गावात पुढचे कित्येक महिने चालते. मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकतात. ती काढायला बहुतेक वेळा एखाद्या लहान मुलाला पुढे करतात.