मतदान करणे आणि न करणे

मतदान करणे आणि न करणे : निवडणुकीच्या दिवशी मतदार केंद्रावर का जातो किंवा का जात नाही, यासंबंधीचा राज्यशास्त्रातील अभ्यासविषय. मत कोणाला द्यायचे हा प्रश्न नंतरचा. मुळात द्यायचे का, हा आधीचा. बोलण्यात त्याचे उत्तर दोन शब्दांत उरकले जाते. टक्केवारी वाढली की मतदार ‘जागरूक’ झाला, घटली की ‘उदासीन’. या शब्दांनी फारसे काही उलगडत नाही. यादीतून नाव गळालेला, कामावरून सुटी न मिळालेला, सगळ्याच उमेदवारांवर चिडून घरी बसलेला आणि नुसताच आळस केलेला, हे चौघेही ‘उदासीन’ या एकाच खात्यात जमा होतात. त्यांची कारणे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याच्या कामाचा नसतो.

‘माझ्या एका मताने काय होणार?’ हा मत न देणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये त्याला हिशेबाचे रूप दिले. आपला उमेदवार निवडून आल्यावर होणारा फायदा एका पारड्यात. पण आपल्याच एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जितकी, तितकाच त्या फायद्याचा वाटा आपल्या मताच्या नावावर मांडायचा. दुसऱ्या पारड्यात वेळ, प्रवास, रांग आणि उमेदवारांची माहिती काढण्याचे कष्ट. लाखो मतदारांच्या मतदारसंघात ती शक्यता शून्याला टेकलेली असते, त्यामुळे खर्च कितीही किरकोळ असला तरी तोच जड होतो. म्हणजे शहाण्याने घरीच बसावे.

आकडेही या हिशेबाच्या बाजूने बोलतात. अमेरिकी काँग्रेसच्या १८९८ पासूनच्या १६ हजारांहून अधिक लढती तपासल्या, तेव्हा एका मताने लागलेला निकाल एकच सापडला : १९१० मधला, न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोचा. भारतात कर्नाटकातील संथेमारहळ्ळी (२००४) आणि राजस्थानातील नाथद्वारा (२००८) या विधानसभा मतदारसंघांत उमेदवार एका मताने पडले. नाथद्वाऱ्यात हरलेले सी. पी. जोशी तेव्हा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळ निवडणुकीत २०१७ मध्ये एका जागेवर दोन्ही उमेदवारांना ११,६०८ अशी समसमान मते पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला. मतदार जागृतीच्या भाषणांत असे दाखले हमखास येतात. पण ते लक्षात राहतात ते विरळ आहेत म्हणूनच.

तरीही कोट्यवधी लोक रांगेत उभे राहतात. इथे हिशेब अडतो. विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डेशुक यांनी १९६८ मध्ये डाउन्स यांच्या सूत्रात एक पद वाढवले : कर्तव्य केल्याचे, आपली बाजू मांडल्याचे समाधान. सूत्र जुळले, पण टीकाकारांनी लगेच बोट ठेवले की याचा अर्थ ‘लोकांना मत द्यावेसे वाटते म्हणून ते देतात’ एवढाच उरतो. जॉन फेरेजॉन आणि मॉरिस फिओरिना यांनी १९७४ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांच्या मते मतदार शक्यता मोजतच नाही, तो पस्तावा टाळतो; आपण गेलो नाही आणि नेमका एका मताने घात झाला तर, ही चुटपुट त्याला नको असते. डाउन्स यांचा हिशेब अगदीच निकामी मात्र नाही. जावे की न जावे अशा कुंपणावर बसलेल्या मतदाराला तो बऱ्यापैकी लागू पडतो. चुरशीच्या लढतीत टक्केवारी वाढते हे अनेक देशांत दिसले आहे. अर्थात चुरस असली की कार्यकर्तेही जास्त राबतात, त्यामुळे वाढ मतदाराच्या हिशेबाने झाली की कार्यकर्त्याच्या पायपिटीने, हे वेगळे काढणे अवघड जाते.

खर्चाची बाजू मोजायला सोपी, म्हणून तिच्यावर अभ्यास भरपूर झाला. अमेरिकेत इंचभर पाऊस जास्त पडला तर मतदान साधारण एका टक्क्याने घटते, असे २००७ मधील एका अभ्यासात आढळले. त्याच देशात १८४५ च्या कायद्यापासून राष्ट्रीय मतदान मंगळवारी, म्हणजे ऐन कामाच्या दिवशी होते, आणि अनेक राज्यांत यादीत नाव घालण्याची जबाबदारी मतदारावरच आहे. भारतात मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि केंद्र शक्यतो दोन किलोमीटरच्या आत ठेवले जाते. पण मतदाराचे नाव तो सामान्यतः राहतो तिथल्या यादीत असते. हंगामी कामासाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या मजुराला मत द्यायचे तर गावी परतावे लागते. त्याच्या बाबतीत खर्च म्हणजे पाऊस किंवा रांग नव्हे, अनेक दिवसांची मजुरी आणि प्रवासभाडे.

खर्च कमी केला की मतदान वाढते, हे इतके उघड वाटते की स्वित्झर्लंडमधला अनुभव पचायला जड गेला. तिथल्या कँटनांनी, म्हणजे घटक राज्यांनी, टप्प्याटप्प्याने टपाली मतदान आणले. घरबसल्या मत देता येऊ लागले, खर्च जवळजवळ संपला. पात्रिसिया फुंक यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकूण मतदानात फारशी वाढ दिसली नाही, आणि लहान गावांच्या कँटनांत उलट परिणाम दिसला. कारण असे की, लहान गावात केंद्रावर जाणे म्हणजे चारचौघांना दिसणे. मत टपालाने जाऊ लागल्यावर कोण गेले आणि कोण नाही, हे कळेनासे झाले. चालण्याचे कष्ट वाचले, पण त्याबरोबर जाण्याचे एक मोठे कारणही गेले.

हे ‘दिसणे’ किती जोरकस असते, याची सर्वांत गाजलेली चाचणी अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीत झाली. कोणी कोणाला मत दिले हे तिथेही गुप्त असते, पण मत दिले की नाही ही सरकारी नोंद पाहता येते. ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर यांनी वेगवेगळ्या घरांना वेगवेगळी पत्रे पाठवली. पत्र न मिळालेल्यांत २९.७ टक्के मतदान झाले. ‘मतदान हे कर्तव्य आहे’ एवढेच सांगणाऱ्या पत्राने ते जेमतेम दोन टक्क्यांनी वाढले. एका पत्रात मात्र मागच्या निवडणुकांत तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मत दिले होते की नाही याचा तक्ता होता, आणि निवडणुकीनंतर नवा तक्ता पाठवू असे बजावले होते. ते पत्र मिळालेल्यांत मतदान ३७.८ टक्क्यांवर गेले. एका कागदाने आठ टक्के वाढ ही या क्षेत्रात फार मोठी मानली जाते. ते पत्र अनेकांना संतापजनक वाटले, आणि ते स्वाभाविकच आहे. ती चहाडीची धमकीच होती.

फेसबुकवर २०१० मध्ये सुमारे ६ कोटी १० लाख अमेरिकी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगातही हेच निराळ्या तऱ्हेने दिसले. नुसते आवाहन दाखवल्याने काही फरक पडला नाही; मत दिलेल्या मित्रांचे चेहरे सोबत दाखवले तेव्हा मतदान किंचित वाढले. भारतात १९६२ पासून बोटाला लावली जाणारी म्हैसूरची न पुसणारी शाई दुबार मतदान रोखण्यासाठी आली. पण ज्याच्या बोटावर शाई नाही त्याला दिवसभर ‘का रे, गेला नाहीस?’ याला तोंड द्यावे लागते. हा तिचा दुसरा उपयोग कोणी ठरवून केलेला नाही.

दिसण्याइतकेच वजन विचारले जाण्याला आहे. या विषयाचा पद्धतशीर अभ्यासच मुळी मत न देणाऱ्यांच्या दारात जाऊन सुरू झाला. शिकागोत १९२३ च्या महापौर निवडणुकीनंतर चार्ल्स मेरियम आणि हॅरल्ड गॉस्नेल यांनी सुमारे ६ हजार मत न दिलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. आजारपण, गावाला गेलेले, यादीची अडचण, ‘बायकांनी मत देऊ नये’ असे मानणारे, अशी सगळी मिसळ त्यात निघाली. पुढच्याच वर्षी गॉस्नेल यांनी काही मतदारांना आठवणीची पत्रे पाठवून आणि इतरांना न पाठवून फरक मोजला. गर्बर आणि ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात तोच धागा पुढे नेला : दारात येऊन समोरासमोर बोललेल्यांमुळे मतदान चांगलेच वाढले, पत्रांनी थोडेसे, आणि भाडोत्री फोनांनी वाढल्याचे दिसलेच नाही. डेन्व्हर आणि मिनियापोलिसमधल्या पुढच्या प्रयोगात डेव्हिड निकरसन यांनी दाखवले की दार उघडणाऱ्यावर झालेल्या परिणामाचा सुमारे ६० टक्के भाग घरातल्या दुसऱ्या मतदारापर्यंतही पोहोचतो. मतदान, असे म्हणायचे तर, संसर्गासारखे घरातच एकाकडून दुसऱ्याला लागते. सिडनी व्हर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहभाग न घेण्याची कारणे तीनच ठेवली होती : जमत नाही, नको वाटते, कोणी विचारलेच नाही. तिसऱ्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. ‘मतदार बाहेर काढणे’ हे कार्यकर्त्यांच्या तोंडचे शब्द मात्र हे तिसरे कारण पूर्वीपासून ओळखून आहेत.

एकदा मत दिलेला माणूस पुढच्या वेळी जाण्याची शक्यता वाढते. सवय हा मतदानाचा मोठा आधार आहे. तरुणांचे मतदान बहुतेक देशांत कमी असते, त्यामागे राजकारणाचा कंटाळा असतोच असे नाही. सवय लागण्याच्या वयातच ते शिक्षणासाठी, नोकरीसाठी घर बदलतात, आणि नाव मागेच राहते.

पश्चिमी लोकशाह्यांत शिक्षण आणि उत्पन्न वाढते तसे मतदान वाढते, आणि कित्येक वर्षे हा जणू नियम मानला गेला. भारताने तो मोडला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत (१९५१-५२) सुमारे ४५ टक्के मतदान झाले होते. २०१४ मध्ये ते ६६.४ आणि २०१९ मध्ये ६७.४ टक्क्यांवर पोहोचले, २०२४ मध्ये थोडे उतरले. १९९० च्या दशकापासून सर्वेक्षणांत सातत्याने दिसते की गरीब, दलित आणि ग्रामीण मतदार सुखवस्तू शहरी मतदारांच्या बरोबरीने किंवा जास्त मत देतात. योगेंद्र यादव यांनी याला लोकशाहीची दुसरी उसळी म्हटले. २०१९ मध्ये स्त्रियांची टक्केवारीही पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली. याचे एक स्पष्टीकरण व्यवहारी आहे : रेशन, घरकुल, रोजगार हमी, सरकारी दवाखाना यांवर ज्याचे घर चालते त्याला सत्ता कोणाची याने फरक पडतो, ज्याने शाळा, दवाखाना आणि पाणीसुद्धा खाजगीतून विकत घेतले आहे त्याला कमी पडतो. दुसरे स्पष्टीकरण मानाचे आहे. त्या रांगेत मालक आणि मजूर एकामागे एक उभे राहतात, आणि दोघांचे मत एकच मोजले जाते. वर्षातले इतर दिवस ज्यांना कोणी मोजत नाही, त्यांना हे अधिक जाणवते. दोन्हींपैकी कोणते खरे असा वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच माणसात दोन्ही नांदतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत सर्वसाधारणपणे महापालिकेपेक्षा जास्त मतदान होते, यालाही व्यवहार आणि ओळखदेख ही दोन्ही कारणे आहेत.

जाणूनबुजून मत न देणे हा प्रकार निराळा ठेवायला हवा. रस्ता किंवा पाणी न मिळाल्याने अख्ख्या गावाने बहिष्कार टाकणे हा निषेध आहे, उदासीनता नव्हे. केंद्रावर जाऊन सर्वांना नाकारण्याची सोयही काही देशांत आहे. फ्रान्समध्ये २०१४ पासून कोऱ्या मतपत्रिका वेगळ्या मोजल्या जातात, पण वैध मतांत धरल्या जात नाहीत. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजे नोटा हा पर्याय आला. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो, त्यामुळे हा नकार नोंदला जातो पण चालत नाही. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतल्यावर नोटाला दोन लाखांवर मते मिळाली, निकाल बदलला नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक संस्थांपुरते ठरवले की नोटा पुढे गेल्यास फेरनिवडणूक घ्यायची.

कायद्याने केलेल्या मतदानाच्या सक्तीचा परिणाम वादातीत आहे, योग्यता नाही. ऑस्ट्रेलियात १९२२ मध्ये ६० टक्क्यांहून कमी मतदान झाले. १९२४ च्या कायद्याने सक्ती आली आणि १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांवर गेले, तेही नाममात्र दंडावर. नेदरलँड्सने १९७० मध्ये सक्ती उठवली, तेव्हा संसदीय निवडणुकीतले मतदान १९६७ मधील सुमारे ९५ टक्क्यांवरून १९७१ मध्ये ७९ पर्यंत घसरले. चिलीने २०१२ मध्ये मतदान ऐच्छिक केले आणि दहा वर्षांनी पुन्हा सक्तीचे. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी केलेला सक्तीचा कायदा २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकला.

आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मत दिले का असे विचारले तर न दिलेलेही बरेचजण ‘दिले’ म्हणतात. अमेरिकेत उत्तरे सरकारी नोंदींशी ताडून पाहिल्यावर हे वारंवार उघड झाले आहे. आणि टक्केवारी कशाची, हे देशोदेशी बदलते : कुठे नोंदणीकृत मतदारांची, कुठे मतदानाच्या वयाच्या एकूण लोकसंख्येची. पहिल्या पद्धतीत मयत झालेल्याचे यादीत राहिलेले नाव ‘मतदान केले नाही’ या खात्यात पडते, आणि यादीत कधी न आलेला जिवंत माणूस मत न देणाऱ्यांतही मोजला जात नाही.