गंगावन, विव्हिंग आणि केसांची मुळे

तुळशीचे लग्न लागले, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नसराई सुरू होते आणि शृंगाराच्या दुकानांत गंगावनांना मागणी येते. मराठी घरातली नवरी खोप्यासाठी किंवा लांब वेणीसाठी गंगावन घेते. कन्नड घरातल्या नवरीच्या पाठीवर कळ्यांनी मढवलेली ‘मोग्गिन जडे’ रुळते आणि तिच्या आतही बहुधा उसने केसच असतात. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना कार्यक्रमासाठी कमरेपर्यंत पोहोचणारी वेणी लागते, तीही अशीच जोडलेली असते. यात अलीकडे पार्लरमधल्या एक्स्टेन्शनची भर पडली आहे. काही एक्स्टेन्शन क्लिपने अडकवतात, काही चिकटपट्टीने किंवा गोंदाने जोडतात, तर काही सुईदोऱ्याने शिवतात. हे प्रकार दिसायला कितीही वेगळे असले, तरी उसन्या केसांचा भार शेवटी आपल्याच केसांच्या मुळांवर येतो. त्यामुळे उसने केस वापरावेत की वापरू नयेत, यापेक्षा मुळांवर किती ओढ किती काळ पडते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

शिवून केलेले विव्हिंग ही मुळात कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांमध्ये रुजलेली पद्धत आहे. त्यात आधी स्वतःच्या केसांच्या टाळूलगत बारीक, घट्ट वेण्या घालतात आणि मग उसन्या केसांची पट्टी त्या वेण्यांवर टाचतात. ख्रिस्टिना जेंकिन्स यांना या रीतीचे अमेरिकी पेटंट १९५२ साली मिळाले. विग डोक्यावरून सरकू नये, यासाठी चाललेल्या त्यांच्या प्रयत्नांतून ही रीत निघाली होती. आपल्याकडच्या शहरांत ‘हेअर विव्हिंग’च्या पाट्या बहुतेक वेळा टक्कल झाकू पाहणाऱ्या पुरुषांसाठी असतात. तिथे केसांचा पॅच टकलाभोवती उरलेल्या केसांना बांधला जातो, म्हणजे जे केस अजून शाबूत आहेत त्यांच्यावरच सगळा ताण येतो.

ही ओढ नेमकी कुठे पोहोचते, हे समजण्यासाठी केसाची रचना पाहावी लागते. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा गाभा आणि त्यावर एकमेकांवर चढलेल्या सूक्ष्म खवल्यांचे आवरण, असा तो धागा असतो. जिवंत भाग असतो तो टाळूच्या आत, केसाच्या कूपात. प्रत्येकाच्या डोक्यावर असे सुमारे एक लाख कूप असतात आणि प्रत्येक कूप आपापल्या वेळापत्रकाने चालतो. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो नुसता अडकून राहतो आणि शेवटी गळतो. म्हणूनच निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात. कूपाच्या बाजूला, त्वचेच्या थोड्या आत, मूळपेशींचा एक फुगवटा असतो. नवा केस उगवण्याची क्षमता या पेशींत असते.

एक निरोगी केस कित्येक ग्रॅम वजन न तुटता पेलतो, आणि हजारो केसांची वेणी तर दोरासारखी मजबूत असते. त्यामुळे जड गंगावन लावले तरी केस तुटत नाहीत आणि बाईला वाटते, की सारे ठीक आहे. परंतु केसाचा धागा जो ताण निमूटपणे सोसतो, तो कूपाला सोसत नाही. सततच्या ओढीने कूपाभोवती दाह सुरू होतो, वाढीच्या अवस्थेतले केस वेळेआधी सुटू लागतात आणि त्यांच्या जागी येणारे केस बारीक होत जातात. या टप्प्यावर ओढ थांबली, तर केस परत येतात. महिनोन् महिने, वर्षानुवर्षे ती चालू राहिली, तर कूपाच्या जागी व्रणाची ऊती तयार होते, मूळपेशी नष्ट होतात आणि मग कोणत्याही तेलाने तिथे केस उगवत नाही. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण त्यात अंतर फक्त काळाचे असते आणि तो काळ आपल्या हातात असतो.

वैद्यकात याला ओढीमुळे पडणारे टक्कल म्हणतात आणि त्याचे वर्णन १९०७ पासून आढळते. ग्रीनलंडमधल्या स्त्रिया केस वर ओढून घट्ट बांधत आणि त्यांच्या कपाळाकडच्या कडेचे केस गेलेले दिसत. पुढे पगडीखाली केस ताणून बांधणाऱ्या शीख पुरुषांमध्येही तेच दिसले. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन इथे झालेल्या एका पाहणीत सुमारे एक तृतीयांश स्त्रियांमध्ये हा विकार आढळला. ज्या केसांवर आधी रासायनिक सरळीकरण झाले होते आणि त्यावर मग वेण्या किंवा विव्हिंग केले होते, तिथे धोका अधिक होता. आपल्याकडे लग्नाआधी स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग करून त्यावर लगेच एक्स्टेन्शन लावण्याची जी घाई होते, तिच्याबाबत म्हणूनच सावध राहायला हवे. रसायनाने कमकुवत झालेल्या केसाला निदान काही आठवडे उसंत द्यावी.

ओढ जास्त झाल्याचा निरोप टाळू स्वतःच देते. केशरचना झाल्यावर डोके ठणकणे, भुवया ताणल्यासारख्या वाटणे, उशीवर डोके टेकवताना दुखणे, ही सगळी ती घट्ट असल्याची लक्षणे आहेत. ‘पहिले दोन दिवस दुखणारच, मग सवय होते’ असे पार्लरमध्ये सर्रास सांगितले जाते, पण ते चुकीचे आहे. दुखत असेल, तर त्याच दिवशी सैल करून घ्यावे. पुढच्या टप्प्यात केसांच्या मुळाशी बारीक लाल पुळ्या येतात, कधी त्यांत पू धरतो. त्यानंतर कानशिलांवरचे आणि कपाळाकडचे केस विरळ होऊ लागतात. या विकाराची एक खास खूण आहे. केस मागे हटतात, पण अगदी कडेला बारीक लव असलेली एक झालर तशीच उरते, कारण ते आखूड केस वेणीत कधी धरलेच गेलेले नसतात. आरशासमोर केस मागे घेऊन ही झालर दिसली, तर विलंब न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

लहान मुलींच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. शाळेसाठी चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या, त्यांवर रिबिनी, आणि स्नेहसंमेलनात किंवा नृत्याच्या कार्यक्रमात जड जोडवेणी, असा भार त्या डोक्यांवर पडतो आणि दुखते म्हणून तक्रार केली, तर मोठी माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. जोडवेणीची गाठ एकाच बटेला न मारता मानेवरच्या सगळ्या केसांच्या अंबाड्यात आकड्यांनी धरावी, आणि कार्यक्रम संपताच ती उतरवावी. रोज भांग एकाच जागी पाडू नये, हेही सोपे आहे आणि उपयोगी आहे.

गंगावनाचा एक मोठा गुण असा, की ते रात्री निघते. विव्हिंग आणि गोंदाने जोडलेले केस आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहतात आणि खरे प्रश्न तिथे सुरू होतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. लावताना टाळूला टेकलेली शिवण दोन महिन्यांत दोन सेंटीमीटर खाली सरकते, तिथून लोंबू लागते आणि कूस बदलताना मुळांना पिळा देते. याच काळात रोजचे ५० ते १०० केस गळतच असतात, पण ते बाहेर पडू शकत नाहीत. सहा आठवड्यांत असे दोन ते चार हजार गळलेले केस वेण्यांत अडकून बसतात. विव्हिंग काढल्यावर हातात आलेला तो पुंजका पाहून पुष्कळ जणींना धक्का बसतो. खरे तर त्यातला बराचसा भाग एरवीही फणीत आलाच असता. हेच केस काढले नाहीत, तर जिवंत केसांभोवती गुंडाळले जाऊन त्यांचा घट्ट गठ्ठा बनतो. त्यामुळे शिवलेले विव्हिंग साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे ठेवू नये आणि पुन्हा लावण्याआधी काही आठवडे टाळू मोकळी ठेवावी.

बेळगाव जिल्ह्यात हा गठ्ठ्याचा विषय केवळ सौंदर्याचा राहत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला येणाऱ्या भाविकांमध्ये केसांत जट होणे हे देवीचे बोलावणे मानण्याची समजूत पिढ्यान् पिढ्या होती, आणि जट आलेल्या कित्येक मुली त्यापायी देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने मुली सोडण्याच्या या प्रथेवर बंदी घातली. जट होण्यामागे गळलेले केस, तेल, धूळ आणि विंचरण्याचा अभाव एवढीच कारणे असतात, आणि विव्हिंगखाली सहा महिने न विंचरलेल्या केसांत हीच क्रिया कोणालाही पाहता येते. श्रद्धेचा मान राखूनही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की जट सोडवणे किंवा कापणे यात कोणताही धोका नाही. ती डोक्यावर बाळगण्याने मात्र मान दुखते, टाळूला संसर्ग होतो आणि उवा होतात.

आता स्वच्छतेकडे वळू. खानापूरच्या बाजूला आणि खुद्द बेळगावात पावसाळा लांब आणि दमट असतो. ओले केस बांधून ठेवले, की बुरशीला आयती जागा मिळते. ‘पांढरा पिएद्रा’ नावाचा बुरशीचा एक संसर्ग तेल लावून ओले केस बांधणाऱ्या लांबकेशी स्त्रियांमध्ये भारतात आढळतो. त्यात केसाच्या धाग्यावर पांढरट, मऊ गाठी बसतात आणि त्या उवांच्या लिखा समजून वर्षभर भलतेच उपचार चालतात. विव्हिंगखालच्या वेण्यांत तर वारा मुळीच शिरत नाही. न्हाताना शाम्पू पाण्यात पातळ करून तो टाळूवर, वेण्यांच्या मधल्या ओळींत लावावा आणि नंतर टाळू पूर्ण कोरडी होईपर्यंत केस मोकळे ठेवावेत. हेअर ड्रायर वापरला, तर तो कोमट हवेवर आणि थोडा दूर धरून वापरावा. ओल्या केसावर फार गरम इस्त्री फिरवली, तर आतले पाणी उकळून केसातच बुडबुडे तयार होतात आणि तो त्या जागी तुटतो. ओला केस जास्त ताणला जातो आणि कमी बळात तुटतो, म्हणून गुंता काढायचा तो रुंद दातांच्या फणीने, टोकापासून वर मुळाकडे येत.

तेलाबाबत आपल्या घरच्या रिवाजाला बऱ्याच अंशी आधार आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल तेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते असे दिसले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते, हे त्याचे कारण आहे. हा अभ्यास खोबरेल तेल बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांनी केला होता, हेही वाचकांना माहीत असावे. न्हाण्याआधी केसांच्या लांबीला थोडे खोबरेल लावणे एवढा त्याचा उपयोग खरा आहे. विव्हिंगखालच्या टाळूवर मात्र तेल थापू नये, कारण तिथे ते धुऊन निघत नाही आणि कोंडा वाढवते.

उसने केस कोणते आहेत, यावरही पुष्कळ अवलंबून असते. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो. अशा, वेणी बांधून किंवा जुडी करून कापलेल्या केसांत सर्वांची मुळे एका बाजूला आणि टोके दुसऱ्या बाजूला राखता येतात. याउलट, गल्लोगल्ली फिरून भांड्यांच्या बदल्यात घेतले जाणारे फणीतले केस उलटसुलट मिसळलेले असतात. कोप्पळजवळचे भाग्यनगर हे अशा केसांवर प्रक्रिया करणारे आपल्याच राज्यातले मोठे केंद्र आहे. केसावरचे खवले टोकाकडे झुकलेले असतात, त्यामुळे उलटसुलट केस एकत्र आले, की खवले एकमेकांत अडकतात. लोकरीचे कापड गरम पाण्यात धुतल्यावर आटते, ते याच कारणाने. हे टाळण्यासाठी बऱ्याचदा आम्लाने खवले काढून टाकतात आणि वर सिलिकोनचा लेप देतात. नवे असताना ते रेशमासारखे लागतात, पण काही धुण्यांनंतर लेप जातो, गुंता होऊ लागतो आणि तो सोडवताना आपल्याच मुळांना हिसके बसतात. विकत घेताना एक बट चिमटीत धरून खालून वर बोटे फिरवावीत. सर्व केस एका दिशेचे असतील आणि खवले शाबूत असतील, तर या दिशेने किंचित खरखर लागते.

गोंदाने आणि काळ्या रंगाने होणारी ॲलर्जीही लक्षात ठेवावी. काही गोंदांत लॅटेक्स असते, काळ्या रंगात पीपीडी नावाचे रसायन असते, आणि स्वस्त क्लिपांत निकेल असते. ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज सुटते, त्यांनी क्लिपांबाबतही जपावे. गोंद किंवा रंग आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस वाट पाहिली, तर लग्नाच्या आदल्या दिवशी चेहरा सुजण्याचे संकट टळते.

केस का गळत आहेत हे न पाहताच एक्स्टेन्शन लावणे ही फार सार्वत्रिक चूक आहे. बाळंतपण, टायफॉइड किंवा डेंग्यू यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. थायरॉइडचे विकार आणि लोहाची कमतरता हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा वेळी विरळ केसांवर आणखी भार टांगण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. ओढीमुळे गेलेल्या केसांवर सुरुवातीच्या काळात मिनॉक्सिडिल आणि दाह कमी करणारी औषधे डॉक्टर देतात, पण त्याआधी ओढ पूर्ण बंद करावी लागते. सुधारणा दिसायला काही महिने लागतात. दर महिन्याला त्याच प्रकाशात, त्याच कोनातून कपाळाच्या कडेचा एक फोटो काढून ठेवला, तर उपचार चालू ठेवायचे की बदलायचे, हे डॉक्टरांना ठरवता येते.