नवीन सुपरवायझर पाठवताय? आधी एवढं वाचा

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यातल्या छोट्या मशीन शॉपचे (सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे) मालक सुपरवायझरच्या ट्रेनिंगसाठी आम्हाला फोन करतात तेव्हा बोलणं साधारण असंच सुरू होतं. ‘आमच्याकडे एक पोरगा आहे, सीएनसीवर एकदम तयार. त्याला सुपरवायझर करायचंय. माणसं सांभाळायला शिकवा. आणि शक्यतो गुरुवारी घ्या, सुट्टीच्या दिवशी, म्हणजे प्रॉडक्शन बुडत नाही.’

पोरगा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, खरोखरच तयार असतो. तरीही बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला येऊन अडकतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा त्यांच्यात नसतं. ते मागे शॉपवरच राहिलेलं असतं. म्हणून हे पत्रक. अर्धं मालकांसाठी आहे, अर्धं येणाऱ्या माणसासाठी. दोघांनीही पूर्ण वाचलं तर आमचे आणि तुमचे दोन-तीन आठवडे वाचतील.

मालकांसाठी: आधी जाहीर करा, मग पाठवा

पहिल्या वर्गात आम्ही प्रत्येकाला विचारतो, ‘तुम्ही सुपरवायझर झालात हे शॉपवर कुणी सांगितलं? कधी? कुणासमोर?’ बरेच जण खाली बघतात. मग कुणीतरी म्हणतो, ‘शेठ म्हणाले, आधी ट्रेनिंग करून ये, मग बघू.’

तुमची बाजू आम्हाला समजते. माणूस जमला नाही तर दिलेलं पद काढून घेणं अवघड जातं, म्हणून आधी चाचपून बघावं असं वाटतं. पण त्या पोराचं काय होतं बघा. वर्गात शिकलेलं वापरायला तो दुसऱ्या दिवशी शॉपवर जातो. शेजारच्या मशीनवरच्या मित्राला म्हणतो, ‘पहिला पीस तपासून घेतल्याशिवाय पुढे चालवू नको.’ मित्र म्हणतो, ‘तू कोण मला सांगणारा?’ यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. सगळे हसतात आणि तो निमूट आपल्या मशीनवर जाऊन उभा राहतो. पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे येतो तेव्हा शिकायच्या मनःस्थितीतच नसतो. त्याचे ते दोन तास मन मोकळं करण्यातच जातात.

काम कसं सांगायचं हे आम्ही शिकवू शकतो. काम सांगायचा हक्क मात्र तुम्हीच देऊ शकता, आणि तो सगळ्यांसमोरच द्यावा लागतो.

त्याला पाच मिनिटं पुरतात. शिफ्ट सुरू होताना सगळ्यांना एकत्र बोलवा. दोन शिफ्ट असतील तर दोन्हीकडे सांगा, कारण एका शिफ्टला कळलं की दुसरीला आपोआप कळतं हा समज चुकीचा आहे. दुसरीला फक्त अफवा कळते. किती तारखेपासून, कुठली मशीन, कुठली माणसं, आणि कुठले निर्णय तो तुम्हाला न विचारता घेईल, हे स्पष्ट बोला. ‘एक तारखेपासून या सहा मशीन यांच्याकडे. कुठला जॉब कुठे लावायचा, कोण कुठे बसणार, हे तेच ठरवतील. माल खराब निघत असेल तर मशीन बंद करायचा अधिकार त्यांना आहे. दोन दिवसांपर्यंतची रजा तेच देतील. पगार आणि भरती माझ्याकडे.’ हेच चार ओळीत लिहून, सही करून, नोटीस बोर्डावर लावा. आणि एक लहानशी विनंती. रोज ज्याला तुम्ही ‘ए, इकडे ये’ म्हणता, त्याला निदान त्या पाच मिनिटांत तरी ‘अहो’ म्हणा. पोरं तुमच्या शब्दांपेक्षा ते आधी टिपतात.

जाहीर करण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक काम आहे, आणि ते टाळू नका. शॉपवर एखादे काका असतात, पंधरा-वीस वर्षांचे जुने, ज्यांना वाटत असतं की हे पद आपल्याला मिळेल. त्यांना बाजूला बसवा, चहा सांगा, आणि निर्णय तुमच्या तोंडून सांगा. कारणही खरं सांगा. त्यांना ते सगळ्यांबरोबर उभं राहून ऐकावं लागलं, तर पुढचे सहा महिने नवीन सुपरवायझरला प्रत्येक सेटिंगला अडचण येईल आणि ती का येते हे कुणी बोलून दाखवणार नाही.

एवढं करूनही मालक स्वतःच ते पुसून टाकतात. शॉपवर फेरी मारताना थेट ऑपरेटरपाशी जाऊन म्हणतात, ‘हा जॉब काढ, तो डिस्पॅचचा लाव आधी.’ मशीन तुमची, माल तुमचा, घाईही खरी. पण सुपरवायझर दहा पावलांवर उभा असतो आणि त्याला हे नंतर ऑपरेटरकडून कळतं. त्या दहा पावलांपर्यंत जा, त्याला सांगा, आणि त्याला सांगू द्या. सुरुवातीचे दोन महिने हे काटेकोर पाळा.

पगाराचा हिशोब आधी मांडून बघा

बढती घेतलेला माणूस तीन महिन्यांत ‘मला परत मशीनवर द्या’ म्हणतो, तेव्हा मालकांना वाटतं की त्याच्यात दम नव्हता. आम्ही आधी त्याच्या पगाराची पावती मागतो.

समजा ऑपरेटरला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये आहेत. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला १०० रुपये. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला २०० रुपये. महिन्याला ३० तास ओव्हरटाइम केला तर ६,००० वर मिळतात. घरी २६,८०० येतात. आता त्याला सुपरवायझर करून २४,००० पगार दिला आणि ‘आता तुम्ही स्टाफमध्ये, ओव्हरटाइम बंद’ म्हटलं. कागदावर ३,२०० रुपयांची वाढ दिसते. घरात २,८०० रुपये कमी येतात, आणि घरी जायची वेळ मात्र उशिराचीच राहते. बायको विचारते, बढती झाली की शिक्षा झाली? त्यालाही उत्तर सुचत नाही.

कुणाला ओव्हरटाइम द्यावा लागतो हे कार्डावर छापलेल्या पदावरून ठरत नाही, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो आणि त्याच्याकडे काय अधिकार आहेत यावर ते अवलंबून असतं. ते तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून तपासून घ्या. आमचं म्हणणं एवढंच की आकडा बढतीच्या आधी त्या माणसासमोर मांडा.

येणाऱ्या माणसासाठी: हात मागे बांधायला शिका

आता तुमच्याशी बोलतो. मी स्वतः सतरा वर्षं शॉपवर काढली आहेत आणि पहिलं वर्ष हीच चूक करत होतो, म्हणून जरा तपशीलात सांगतो.

एका शॉपवर आम्ही फॉलो-अपला गेलो होतो. दुसरी शिफ्ट, सहा मशीन. एका टर्निंग सेंटरवर (जॉब फिरवून कापणाऱ्या सीएनसीवर) ३२ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, चालला होता. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्यापासून अधिक २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत गेला की बोअर लहान येत जातो, हे तुम्हाला सांगायला नको. ऑपरेटरनं हाक मारली, ‘दादा, जरा बघ ना, ३१.९९५ येतोय.’ नवीन सुपरवायझर आला, स्क्रीनवर बोटं फिरवली, ऑफसेट दिला (टूलची जागा आकड्यानं थोडी सरकवली), पुढचा पीस काढला, बोअर गेज घातला, ३२.०१०. ‘चालू दे.’ दोन मिनिटांचं काम, आणि सुबक काम. ऑपरेटर त्या वेळी मोबाइल बघत होता. दीड तासात तीच हाक पुन्हा आली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या हाकेच्या वेळी मागच्या व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) एक फिक्स्चर, म्हणजे जॉब धरून ठेवणारी पकड, नीट न आवळता पोरानं सायकल सुरू केली. जॉब उडाला, टूल गेलं. सुपरवायझर तिकडे पाठ करून बोअर बसवत होता.

तुम्ही सगळ्यात चांगले ऑपरेटर होता म्हणून तुम्हाला हे पद मिळालं. त्यामुळे अडलं की हात आपोआप मशीनकडे जातो. त्यात बरंही वाटतं, कारण तिथे आपल्याला सगळं येतं आणि माणसांशी बोलण्यात अजून काही येत नाही. पण प्रत्येक वेळी तुम्ही ऑफसेट दिलात की ऑपरेटर एकच गोष्ट शिकतो: हाक मारायची.

पहिल्याच हाकेला असं करून बघा. ‘किती येतोय? गेज पुन्हा घाल, माझ्यासमोर वाच.’ तो वाचतो. ‘मध्याच्या आसपास यायला किती पाहिजे?’ तो म्हणतो पंधरा मायक्रॉन. ‘अधिक की उणे? का?’ इथे तो थांबेल. थांबू द्या. तुमचे हात मागे असू द्यात, मागे म्हणजे अगदी पाठीमागे धरा, कारण समोर ठेवले तर राहवणार नाही. चुकतोय असं दिसलं तर बोलून थांबवा, बटण दाबून नाही. त्यानं स्वतः ऑफसेट दिला, पीस काढला, मोजला, की पुढच्या तासाला तुम्हीच एकदा फिरून या आणि विचारा. पहिल्या वेळी दोन मिनिटांऐवजी आठ मिनिटं जातील. पण ती हाक हळूहळू कमी होते, आणि तुमचं लक्ष सहाही मशीनवर राहतं.

दुसरी अडचण दोस्तीची. कालपर्यंत एकाच डब्यात जेवलात, आज त्याला रजा नाकारायची आहे. डबा एकत्र खाणं सोडू नका, त्याची काहीच गरज नाही. ‘अरे-तुरे’ सोडून अचानक ‘अहो’वरही येऊ नका, ते खोटं वाटतं. मित्राशी पहिल्याच आठवड्यात एकदा मोकळं बोला: ‘आपली यारी तीच आहे, पण रजा आणि ओव्हरटाइम सगळ्यांना एकाच मापानं मिळेल. तुला आधी सांगतोय.’ त्याला राग येईल, तो जाईल. पण मापात फरक दिसला तर बाकीच्या पाच जणांचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं फार कठीण.

रजेसाठी एक वही ठेवा आणि सणाच्या महिनाभर आधी ती फिरवा. शॉपवर कुणी मराठवाड्यातला असतो, कुणाला गावच्या जत्रेला जायचं असतं, कुणाला पेरणीला, कुणी बिहारचा असतो आणि त्याला छटपूजेला घरी पोचायचंच असतं. तिकिटं काढल्यावर ‘रजा नाही’ म्हणालात तर तो तरीही जाईल, आणि कदाचित परत येणार नाही. महिनाभर आधी कळलं तर सगळे मिळून वाटणी करता येते.

आणि माल खराब निघाला की ‘कुणी केलं?’ हा प्रश्न गिळा. ‘काय झालं?’ पासून सुरुवात करा. ओरडायचंच असेल तर बाजूला नेऊन.

गुरुवारी का घेत नाही, एका दिवसात का होत नाही

हे दोन प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतात. गुरुवार हा त्या माणसाचा एकच दिवस असतो. त्या दिवशी त्याला गॅस, बँक, मुलाची शाळा, आईचा दवाखाना उरकायचा असतो. तो दिवस घेतला तर तो वर्गात येतो, पण फक्त शरीरानं. आणि मालक स्वतःचा एक तासही द्यायला तयार नाही, हा निरोप त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. म्हणून आम्ही कामाच्या दिवशी, शिफ्ट बदलण्याच्या आसपास दोन तास घेतो.

एका दिवसात उरकण्याबद्दल. आमची पद्धत आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेत १९४० साली, युद्धाच्या उत्पादनासाठी कारखान्यांत नवखी माणसं भरभरून येत होती आणि त्यांना शिकवणारे फोरमन पुरत नव्हते, तेव्हा तिथल्या सरकारनं ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा उपक्रम सुरू केला. काम कसं शिकवावं, कामाची पद्धत कशी सुधारावी आणि माणसांशी कसं वागावं, असे तीन पाठ. प्रत्येक पाठ दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, आणि एका गटात साधारण दहाच माणसं. १९४५ पर्यंत १६ लाखांहून जास्त लोक त्यातून तयार झाले. युद्धानंतर तेच पाठ जपानला गेले आणि टोयोटानं ते उचलले. युद्धाची घाई असतानाही त्यांनी ते एका दिवसात कोंबले नाहीत, कारण दोन बैठकांच्या मध्ये माणसानं शॉपवर जाऊन करून बघायचं असतं. त्या मधल्या दिवसांतच खरं शिक्षण होतं. आम्हीही दहाच जण घेतो, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. पाच बैठका त्यांच्या हिशोबानं, आणि सहावी भारतातल्या शॉपसाठी लागते तशी: रजा, ओव्हरटाइम, कॉन्ट्रॅक्टरची माणसं. त्याशिवाय आम्ही दोनदा तुमच्या शॉपवर येऊन तासभर उभे राहतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. ते नसेल तर आम्ही काम घेत नाही, एवढंच.

स्वस्तात एका दिवसाचं, जेवणासह हॉटेलात, असंही मिळतं. तुमच्या माणसाला तो दिवस आवडेलही. पण बोअर परत ३१.९९५ आला की तो काय करतो, हे तिथून कुणी बघायला येत नाही.

पहिल्या दिवशी सोबत काय आणायचं

नोटीस बोर्डावर लावलेल्या त्या कागदाचा फोटो. तो नसेल तर वर्ग एक आठवडा पुढे ढकलू; जागा राखून ठेवू, पैसे वाढणार नाहीत. मागच्या पंधरा दिवसांची शिफ्ट हँडओव्हरची वही, कशीही असली तरी. तुमच्याकडे ज्या मशीन आहेत त्यांची आणि त्यांवरच्या माणसांची हातानं लिहिलेली यादी, आणि प्रत्येकापुढे एक ओळ: याला काय येतं, काय येत नाही. ही यादी तुम्ही स्वतः लिहा, ऑफिसमधून टाइप करून घेऊ नका. पहिले दोन तास आपण त्या यादीवरच बसणार आहोत.