सर्दीच्या गोळीबरोबर तापाची गोळी घेताय? आधी हे वाचा

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर एका दमात मागतात : सर्दीची पट्टी द्या, तापाचीही द्या. अशा वेळी आम्ही दोन-तीन प्रश्न विचारतो. घाईत त्याचा राग येतो, पण प्रश्न विचारल्याशिवाय आम्ही दोन्ही पट्ट्या देत नाही.

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल, म्हणजे तापाच्या गोळीतलंच औषध, असतंच, बऱ्याचदा ५०० मिलिग्रॅम. त्यावर ६५०ची तापाची गोळी घेतली की एका वेळेला ११५० पोटात जातं. दिवसातून चारदा असं केलं तर ४६०० होतं. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास असेल किंवा नेहमीचं मद्यपान असेल, तर त्याहूनही कमी. अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांतही हेच औषध असतं, तेही या हिशेबात धरा.

यातला खरा धोका असा की पहिल्या दिवशी फार काही जाणवत नाही. झालीच तर मळमळ. यकृताला झालेली इजा दोन-तीन दिवसांनी दिसू लागते. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, पण तो पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून गोळ्या जास्त झाल्याचं लक्षात आलं, तर बरं वाटत असलं तरी पट्टी घेऊन थेट रुग्णालयात जा. आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका.

गोळीच्या रंगावरून किंवा 'मागच्या वेळी दिलेली ती' एवढ्यावरून आम्हाला औषध ओळखता येत नाही. पट्टीच्या मागे, ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गोळ्या काढताना नाव आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत राखा.

मिश्र गोळीत क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येते. ती घेऊन गाडी चालवू नका, रात्रीच्या अभ्यासालाही बसू नका. नुसता ताप असेल तर मिश्र गोळीची गरजच नाही, साधं पॅरासिटामॉल पुरतं. दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर हवं. दम्याचा किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन (ताप-अंगदुखीवरचं दुसरं औषध) मागण्याआधी तसं सांगा. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब थोडेच दिवस वापरायचे. आठवडाभराच्या पुढे गेले की त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदायला लागतं.

अँटिबायोटिक आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. साध्या सर्दीवर ते चालतच नाही, कारण सर्दी विषाणूंमुळे होते.

खोलीत साठलेल्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन या. कुठल्या दोन गोळ्यांत एकच औषध आहे आणि कुठल्या टाकून द्यायच्या, ते फार्मासिस्ट पाहून सांगतील. त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा निवांत बोलता येईल.